उलटा लावलेला शब्दकोश : इंग्रजी अक्षरखेळांतल्या शब्दशोधाचा इतिहास

शब्दकोश पहिल्या अक्षरावर लावलेला असतो. ज्याला शब्द ठाऊक आहे आणि अर्थ हवा आहे, त्याच्या सोयीची ही मांडणी. अक्षरखेळ खेळणाऱ्याची गरज नेमकी उलटी. त्याच्या हाती अक्षरे असतात, शब्द नसतो. पाचवे अक्षर ‘झेड’ असलेला सहा अक्षरी शब्द कोणता, ‘यू’ची सोबत नसताना ‘क्यू’ कुठल्या शब्दांत येतो, हातातल्या सात अक्षरांपासून काय काय होते, हे त्याचे प्रश्न. नेहमीच्या कोशात त्यांची उत्तरे असतात, पण ती हजारभर पानांत विखुरलेली असतात. ती सापडावीत म्हणून इंग्रजीचा शब्दसाठा गेल्या साडेचारशे वर्षांत पुन्हा पुन्हा मोडून नव्याने लावला गेला.

पहिली उलटापालट यमकासाठी झाली. १५७० साली पीटर लेव्हिन्स याने लंडनमध्ये ‘मॅनिप्युलस व्होकॅब्युलोरम’, म्हणजे शब्दांची जुडी, हा इंग्रजी-लॅटिन कोश छापला. त्यातले इंग्रजी शब्द शेवटच्या अक्षरांनुसार गटागटाने लावलेले होते. पद्यरचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एका शेवटाचे शब्द एकत्र मिळावेत, हा त्यामागचा हेतू. दोनशे वर्षांनी, १७७५ साली, जॉन वॉकर याने ही कल्पना तडीस नेली. वॉकर आधी रंगभूमीवर नट होता, पुढे तो उच्चारशास्त्राचा शिक्षक झाला. त्याच्या कोशात प्रत्येक शब्द शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे वाचून वर्णानुक्रमे बसवलेला आहे. कवींसाठी केलेला हा कोश नवनव्या आवृत्त्यांतून विसाव्या शतकापर्यंत छापला जात राहिला आणि कोडी सोडवणाऱ्यांनाही उपयोगी पडला. ‘टिऑन’, ‘नेस’, ‘इंग’ असे शेवटी जोडले जाणारे प्रत्यय इंग्रजीत इतके आहेत की शेवट हाती लागला की अर्धा शब्द हाती लागतो.

दुसरी वाट अक्षरांच्या मोजणीतून आली. कोणते अक्षर किती वेळा लागते, हे सर्वांआधी छापखान्यातल्या जुळाऱ्यांना हातांनी कळले होते. शिशाच्या खिळ्यांच्या पेटीत छोट्या ‘ई’चा कप्पा सर्वांत मोठा ठेवलेला असे आणि तो हाताशी असे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल तारयंत्राची लिपी ठरवत होते. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन गावच्या छापखान्यात जाऊन व्हेलने खिळ्यांच्या संख्येवरून अक्षरांची वारंवारता काढली, असे सांगितले जाते. ‘ई’ला एक टिंब आणि ‘टी’ला एक रेघ मिळाली ती या हिशेबाने. १८४३ साली एडगर अ‍ॅलन पो याच्या ‘द गोल्ड-बग’ या कथेने हेच ज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेले. कथानायक वारंवारतेच्या आधारे एक गुप्तलेख उलगडतो आणि पुरलेल्या खजिन्यापर्यंत पोचतो. पोने दिलेल्या अक्षरक्रमात ‘टी’ दहावी आहे. प्रत्यक्षात ती ‘ई’खालोखाल येते. चूक मोठी आहे, पण अक्षरे मोजली की शब्द सापडतो ही गोष्ट या कथेइतकी दूरवर दुसऱ्या कशानेच पोचवली नाही.

इंग्रजीत हे साधले याचे एक कारण लिपीत आहे. तिची चिन्हे सव्वीसच आणि ती सुटी. मराठी शब्दकोड्याच्या एका चौकटीत मात्रेसकट आणि जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर बसते. ‘कि’, ‘की’, ‘क्र’ आणि ‘क’ या तिथे चार वेगळ्या वस्तू असतात आणि अशा वस्तूंची संख्या शेकड्यांत जाते. सव्वीस चिन्हांची मोजदाद एका माणसाला कागद-पेन्सिलीने करता येते, आणि पुढे एका माणसाने ती केलीही.

त्याआधी खेळाला कायदेशीर शब्दांची यादी लागते, हे ध्यानात आले ते लुइस कॅरलच्या. ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकात १८७९ साली त्याने ‘डब्लेट्स’ नावाचे कोडे सुरू केले. एका शब्दातले एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत जायचे आणि मधली प्रत्येक पायरीही खरा शब्द असली पाहिजे. ‘हेड’पासून निघून हील, टील, टेल, टॉल या पायऱ्यांनी ‘टेल’ म्हणजे शेपटापर्यंत पोचता येते. पण टील चालेल का, ते खरेच बदकाचे नाव आहे का, असे वाद लगेच उभे राहणार. म्हणून कोड्यांच्या पुस्तकात कॅरलने ग्राह्य शब्दांची स्वतंत्र यादीच जोडली. कॅरल गणिताचा अध्यापक होता. ज्या संचातून निवड करायची तो आधी आखून घ्यावा, ही त्याची सवय इथे कामी आली. पुढच्या शतकातल्या प्रत्येक खेळाला हा प्रश्न नव्याने सोडवावा लागला.

२१ डिसेंबर १९१३च्या रविवारी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पुरवणीत आर्थर विन याने हिऱ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. विन मूळचा लिव्हरपूलचा. त्याने कोड्याला दिलेले नाव ‘वर्ड-क्रॉस’ होते. काही आठवड्यांत ते उलटून ‘क्रॉस-वर्ड’ झाले आणि तसेच रुजले. १९२४ साली सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकद्वयाने शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले, सोबत एक पेन्सिल जोडून. त्या वर्षी अमेरिकेत शब्दकोशांची मागणी एकदम वाढली. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने प्रवाशांसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले. सार्वजनिक वाचनालयांत कोडी सोडवणारे कोश अडवून बसतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. ही सगळी माणसे कोश चाळत होती, कारण त्यांना हवा तो शब्द शोधण्याची दुसरी सोयच नव्हती. थोड्याच काळात शब्द लांबीनुसार आणि विषयानुसार लावलेले खास कोड्यांचे कोश बाजारात आले: तीन अक्षरी नद्या, चार अक्षरी पक्षी, पाच अक्षरी नाणी.

अमेरिकी कोड्यात प्रत्येक चौकट आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत मोजली जाते. त्यामुळे तिथे स्वरांनी भरलेले छोटे शब्द फार लागतात. ‘अर्न’ म्हणजे समुद्री गरुड आणि ‘एट्वी’ म्हणजे सुया-दोऱ्यांची छोटी पेटी, हे शब्द रोजच्या बोलण्यातून गेले तरी कोड्यांत टिकून राहिले. ब्रिटनमध्ये जाळी मोकळी आणि सूचना गुंतागुंतीच्या असा दुसरा पंथ वाढला. तिथल्या कोडेकारांनी चेंबर्सचा कोश प्रमाण मानला, कारण स्कॉटिश, बोलीतले आणि जुने शब्द त्यात भरपूर होते. या निवडीचे परिणाम पुढे फार लांबवर गेले.

अक्षरांची मोजणी आणि शब्दकोडे यांची गाठ घालणारा माणूस होता आल्फ्रेड मोशर बट्स. १८९९ साली जन्मलेला हा वास्तुविशारद महामंदीत बेकार झाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्समध्ये राहत असताना त्याने खेळांचा पद्धतशीर विचार केला. सोंगट्या हलवण्याचे खेळ, फाशांचे आकड्यांचे खेळ आणि अक्षरांचे खेळ असे प्रकार त्याने पाडले आणि नशीब व कौशल्य यांचे प्रमाण नीट राखणारा अक्षरखेळ बाजारात नाही, असे त्याला दिसले. पोची कथा त्याने वाचलेली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या वर्तमानपत्रांची पाने पुढ्यात घेऊन त्याने एकेक अक्षर मोजले आणि तक्ते तयार केले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस ‘लेक्सिको’ आणि १९३८ साली पटासह ‘क्रिस-क्रॉस वर्ड्‌स’ अशी खेळाची रूपे झाली. संच तो घरीच हाताने करी. मोठ्या खेळणी-कंपन्यांनी त्याला नकार कळवला.

बट्सच्या वाटणीत शंभर सोंगट्या आहेत आणि त्यांपैकी दोन कोऱ्या. ‘ई’च्या १२, ‘ए’ आणि ‘आय’च्या प्रत्येकी ९, ‘ओ’च्या ८, ‘एन’, ‘आर’ आणि ‘टी’च्या सहा-सहा, आणि ‘जे’, ‘के’, ‘क्यू’, ‘एक्स’, ‘झेड’ यांची एकेकच. ही वाटणी जितकी तपासावी तितकी तिची बारकाई उमगते. वर्तमानपत्राच्या मजकुरात ‘एच’ दर शंभर अक्षरांत सुमारे सहा वेळा येतो, पण ते ‘द’, ‘दॅट’, ‘ही’, ‘हॅव’ अशा थोड्या शब्दांच्या सततच्या पुनरावृत्तीमुळे. पटावर एकच शब्द शंभरदा मांडला जात नाही. तिथे वेगवेगळे शब्द लागतात. म्हणून ‘एच’च्या सोंगट्या दोनच आहेत. ‘एस’ची गोष्ट उलटी. शब्दकोशाच्या दृष्टीने ‘एस’ विपुल, कारण जवळजवळ प्रत्येक नामाचे अनेकवचन त्याने होते. पण त्या प्रमाणात सोंगट्या दिल्या तर खेळ फार सोपा होईल म्हणून बट्सने ‘एस’ चारांवर थांबवला. भाषेचा इतका नेमका नकाशा विद्यापीठाबाहेरच्या एका बेकार माणसाने जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत काढला, हे या इतिहासातले सर्वांत लखलखीत काम म्हणावे लागेल.

१९४८ साली कनेटिकटच्या जेम्स ब्रुनो याने खेळाचे हक्क घेतले, नियम थोडे सोपे केले आणि त्याचे नाव ‘स्क्रॅबल’ ठेवले. अक्षरांची वाटणी मात्र त्याने बदलली नाही. १९४९ साली सुमारे २,४०० संच निघाले आणि ४५० डॉलर तोटा झाला. मग १९५२मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने माल मागवला आणि मागणी आवरेनाशी झाली.

खेळ घरोघर पोचला आणि कॅरलचा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला: शब्द कोणता? घरात जो कोश असेल तो प्रमाण, असे चालत होते. क्लब आणि स्पर्धा सुरू झाल्यावर ते पुरेना. अमेरिकेत काही काळ फंक अँड वॅग्नल्सचा महाविद्यालयीन कोश वापरला गेला. अखेर १९७८ साली मेरियम-वेब्स्टरने खेळाडूंसाठी अधिकृत कोश काढला. त्यासाठी पाच महाविद्यालयीन कोश घेतले आणि त्यांपैकी एकातही शब्द असला तरी तो ग्राह्य धरला. आठ अक्षरांपर्यंतचे मूळ शब्द, त्यांची अनेकवचने, क्रियापदांची रूपे, आणि अर्थ एका ओळीपुरता. विशेषनामे, संक्षेप, जोडरेघेचे शब्द बाद. ब्रिटनमध्ये चेंबर्सच्या आधाराने १९८८ साली वेगळी यादी झाली. १९९१ साली लंडनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली तेव्हा अटलांटिकच्या दोन तीरांवर दोन इंग्रजी होत्या. तोडगा म्हणून दोन्ही याद्या एकत्र केल्या गेल्या. दोन कोशांच्या आद्याक्षरांची उलटसुलट जुळवणी करून खेळाडूंनी या एकत्रित यादीला ‘सोपॉड्‌स’ असे नाव पाडले. २००३ साली हे काम कॉलिन्सकडे गेले. २०१९च्या कॉलिन्स यादीत सुमारे २ लाख ७९ हजार शब्द आहेत. उत्तर अमेरिका आपली लहान यादी अजूनही राखून आहे.

यादी निश्चित झाल्यावर तिचा अभ्यास करता येतो. सर्वांत आधी पाठ केले जातात ते दोन अक्षरी शब्द. २०१९च्या कॉलिन्स यादीत ते १२७ आहेत. एका शब्दाला लगटून दुसरा शब्द समांतर मांडला की प्रत्येक सांध्यावर दोन अक्षरी शब्द तयार होतो आणि त्याचे गुण वेगळे मिळतात. ‘एए’ म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा आणि ‘एआय’ म्हणजे तीन नखांचा स्लॉथ प्राणी, हे इथले रोजचे चलन. ‘व्ही’ असलेला एकही दोन अक्षरी शब्द नाही, म्हणून ते अक्षर हातात आले की जाणकार खेळाडू सावध होतो. २००६ साली अमेरिकी यादीत चिनी प्राणशक्तीचा वाचक ‘क्यूआय’ आणि पिझ्झाचे लघुरूप ‘झेडए’ आले. दहा-दहा गुणांची दोन अवघड अक्षरे एका दिवसात सोपी झाली.

‘यू’शिवाय ‘क्यू’ येणारे शब्द हा तर स्वतंत्र अभ्यासविषय. इंग्रजीने लॅटिन आणि फ्रेंच वळणाचे शब्द घेतले तेव्हा ‘क्यू’मागे ‘यू’ आलाच. अरबी-फारसीतल्या ‘क़ाफ’चे रोमन लिप्यंतर करताना मात्र सुटा ‘क्यू’ वापरला गेला. त्यामुळे या यादीत फकीर, कव्वाली, तलाक, निकाब, बुरखा हे शब्द शेजारी शेजारी बसलेले दिसतात. हे बरेच शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत, आणि तसे ते इथे एकटे नाहीत. कंपनी सरकारच्या काळात इंग्रजांनी जे शब्द कानाने टिपले त्यांची स्पेलिंगे ज्याने त्याने आपापल्या परीने केली. कोशकारांनी ती सगळी नोंदली आणि खेळाडूला प्रत्येक स्पेलिंग हा निराळा शब्द म्हणून मिळाला. डाळ तीन-चार रीतींनी लिहिता येते. तूप दोन ‘ई’ लावून चालते आणि एक ‘आय’ लावूनही. ‘पेशवा’ चालतो, तोही एकाहून अधिक रूपांत. ‘मंगूस’ हा तर इंग्रजीत मराठीतल्या मुंगसावरूनच गेलेला शब्द.

सात सोंगट्या एकाच खेळीत लावल्या तर पन्नास गुण जादा मिळतात. स्पर्धेतली हारजीत बहुधा इथे ठरते. त्यासाठी खेळाडूंनी यादीची जी नवी मांडणी केली ती लेव्हिन्स आणि वॉकर यांच्या मांडणीच्या तोलाची आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावायची आणि त्या अक्षरमालेखाली तिच्यातून होणारे सगळे शब्द लिहायचे. या मालेला ‘अल्फाग्राम’ म्हणतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही माला घेतली तर तिच्याखाली ‘रिटेन्स’, डोळ्यांचे ‘रेटिनाज’, ‘नॅस्टिअर’, ‘अँट्सिअर’, चरबीतले ‘स्टिअरिन’ आणि राळेच्या वासाची ग्रीक वाइन ‘रेट्सिना’ असे शब्द येतात. खेळाडू हातातल्या सोंगट्या मनातल्या मनात वर्णक्रमाने लावतो आणि पाठ केलेल्या मालेशी ताडून पाहतो. दुसरी युक्ती सहा अक्षरी बीजाची. ‘टिझान’ म्हणजे झाडपाल्याचा काढा. त्याच्या सहा अक्षरांत ‘डी’ घातला की ‘इन्स्टेड’ होते, ‘जी’ घातला की ‘सीटिंग’. ‘एच’ घातला तर ‘शैतान’ होते, आणि तो आपल्या सैतानाचाच भाऊ. अशी बीजे कोणती आणि त्यांना कोणते सातवे अक्षर मानवते, याचे तक्ते खेळाडूंनी संगणक घरोघर येण्याच्या आधीपासून केले आहेत.

कोशकारांनाही अशा वेगळ्या मांडणीची गरज पडत होती. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे मेरियम-वेब्स्टरच्या कचेरीत तीन लाखांहून अधिक कार्डांची एक सूची जपून ठेवलेली आहे. तिच्यातल्या प्रत्येक कार्डावर एक शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे टंकलिखित केलेला आहे आणि कार्डे त्या उलट्या क्रमाने लावलेली आहेत. एकाच प्रत्ययाच्या सगळ्या शब्दांच्या व्याख्या एकसारख्या आहेत ना, हे पाहायला ती उपयोगी. टंकलेखकांनी काही दशके बसून केलेले हे काम १९७०च्या दशकात थांबले.

थांबले कारण संगणक आला. १९७३ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसनने ‘ग्रेप’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. अज्ञात अक्षरांच्या जागी टिंबे आणि ज्ञात अक्षर त्याच्या जागी असा नमुना दिला की तो मजकुरातल्या जुळणाऱ्या ओळी काढून देतो. त्या काळच्या युनिक्स यंत्रांवर शुद्धलेखनासाठी शब्दांची फाइल असेच, आणि कोडी सोडवणाऱ्या अभियंत्यांनी दोहोंचा उपयोग लगेच करून घेतला. १९८८ साली अँड्र्यू अ‍ॅपल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणाऱ्या अतिवेगवान प्रोग्रॅमची रीत प्रसिद्ध केली. त्यांनी सुमारे ९४ हजार शब्द एका जाळ्यात गुंफले. सारखी सुरुवात असलेले शब्द एका फांदीवरून निघतात आणि सारखे शेवट असलेले पुन्हा एकाच फांदीत मिळतात, त्यामुळे जागा फार थोडी लागते आणि पटावरची प्रत्येक शक्य खेळी क्षणात सापडते. कोश पुढून लावायचा की मागून, हा लेव्हिन्सपासूनचा पेच या जाळ्यात सुटला. त्यात शब्दांच्या सुरुवाती आणि शेवट एकाच वेळी एकत्र गुंफलेले आहेत.

यंत्राशिवाय, निव्वळ स्मरणाने यादी आत्मसात करण्याची सीमा न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌सने गाठली. २००७ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. तिच्या अंतिम फेरीत मलेशियाच्या गणेश असिर्वाथमला हरवून तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. २०१५ साली तो फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. २०२४ साली स्पॅनिशमध्येही त्याने तेच केले. शब्दाचा अर्थ न कळता शब्द कळणे शक्य आहे का, या प्रश्नाला यापेक्षा ठोस उत्तर मिळणार नाही. तरीही हे भाषेचे ज्ञान नव्हे असे म्हणणे घाईचे ठरेल. कोणत्या अक्षरामागे कोणते अक्षर बसते, शब्द कुठे संपू शकतो, हे त्याच्याइतके त्या भाषा बोलणाऱ्या फार थोड्यांना उमगले असेल.

ऑक्टोबर २०२१मध्ये जॉश वॉर्डल याचा ‘वर्डल’ हा खेळ लोकांसमोर आला आणि जानेवारी २०२२च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२ हजार भरतात, पण त्यांतले बरेचसे कुणाला माहीत नसतात. वॉर्डलची जोडीदार पलक शाह हिने ते एकेक पाहून ओळखीचे सुमारे अडीच हजार वेगळे काढले. उत्तर या छोट्या यादीतून येई, अंदाज मोठ्या यादीतून करता येई. मालकी बदलल्यावर ‘अगोरा’, ‘प्युपल’ असे काही शब्द उत्तरांतून वगळले गेले. पहिला अंदाज कोणता करावा यासाठी लोक पुन्हा अक्षरे मोजू लागले, आणि ‘ई’, ‘ए’, ‘आर’, ‘टी’ यांनी भरलेले शब्द सगळ्यांच्या तोंडी झाले. या खेळात सर्वांत जास्त खेळाडू अडकतात ते शेवटची चार अक्षरे हिरवी, म्हणजे आपापल्या जागी बरोबर, ठरल्यावर: लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, फाइट. पहिले अक्षर सोडून सगळे जुळलेले असते आणि प्रयत्न संपत आलेले असतात. वॉकरच्या १७७५च्या कोशात हे सातही शब्द एकाच गटात छापलेले आहेत.